पहिला मुक्कामी ट्रेक: रात्र पायथ्याला, पहाट गडावर

दिवाळी उरकली की माझ्याकडे हमखास एक फोन येतो. कधी कुणाचा भाचा असतो, कधी ऑफिसातल्या सहकाऱ्याची कॉलेजात जाणारी मुलगी. "दादा, तंबू घेतलाय. आता कुठे जाऊ?" जागा ठरायच्या आधीच तंबू घरात येऊन पडलेला असतो. मला त्याचं कौतुकच वाटतं, कारण आतून ओढ असल्याशिवाय कुणी डोंगराच्या वाटेला लागत नाही.

माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनई नावाचं गाव आहे, तिथे जा. पहिली रात्र गावात काढा आणि उजाडता उजाडता गड चढा.

हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उंच कड्यावर, तंबू, समोर मावळणारा सूर्य, असा फोटो प्रत्येकाच्या मनात असतो. माझ्याही होता. आम्ही तिघं मित्र डिसेंबरात पाठीवर ओझं घेऊन चढलो, कड्याजवळ पोचेपर्यंत अंधार पडला आणि टॉर्चच्या उजेडात तंबू लावायला बसलो. खाली कातळ होता, मेखा दोन बोटंही आत जाईनात. मध्यरात्रीनंतर कोकणातून वर येणारा वारा सुरू झाला आणि तंबूची एक काडी मधोमध चिरली. उरलेली रात्र आम्ही देवळाजवळच्या लेण्यात कुडकुडत काढली. कुणाला काही झालं नाही, पण तिघांपैकी एक जण पुन्हा कधीही डोंगरावर आला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पहिली रात्र अशी गेली पाहिजे की माणसाला दुसरी हवीशी वाटेल. पुढे लिहिलेलं सगळं त्यासाठी आहे.

जागा आणि तारीख

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात आहे, उंची साधारण १४२४ मीटर. वर जायच्या वाटा बऱ्याच. माळशेज घाटाच्या बाजूने खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांब आणि दमवणारी आहे. नळीची वाट तर कोकणातून थेट अंगावर येते, तिथे अनुभवी सोबत आणि दोर लागतो, नवख्याने तिचा विचारही करू नये. पाचनईची वाट या सगळ्यांत सोपी. अडीच-तीन तासांत माणूस देवळापाशी पोचतो. सुरुवातीला चढ आहे, मग एका मोठ्या कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी वाट जाते, ओढा ओलांडायचा, आणि पुढे बऱ्यापैकी सपाटी. मुंबईकडून येणारे कसारा, घोटी, राजूर असे येतात, पुण्याकडून येणारे आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ असे.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत हिरवं असतं, डोंगर सुरेख दिसतो, पण दुपारनंतर परतीच्या पावसाचे ढग जमतात आणि विजा पडतात. पावसाळ्यातला मुक्काम नवख्यासाठी नाही, कितीही मोह झाला तरी. ओढे तासाभरात फुगतात, सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येत नाही. मार्चनंतर टाक्यांतलं पाणी आटतं. एप्रिल-मेमध्ये कातळ असा तापतो की भर दुपारी चढणाऱ्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

तारीख ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर रात्री अंगणात टॉर्चशिवाय वावरता येतं, नवख्यांची भीती निम्मी होते. तारे बघायचे असतील तर अमावास्या. पण तो बेत दुसऱ्या खेपेला ठेवावा.

गड आणि आसपासचं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. प्रवेशाचं शुल्क, मुक्कामाची परवानगी, कुठे तंबू चालतो आणि कुठे नाही, हे नियम बदलत असतात. निघायच्या आठवड्यात गावात किंवा वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्या. गेल्या वर्षी मित्र राहिला होता म्हणून यंदा आपल्यालाही राहता येईल, असं धरून चालू नका. इतर काही संरक्षित गडांवर तर मुक्कामाला मनाईच आहे.

गावाशी बोलणं

पाचनईत बऱ्याच घरी जेवणाची आणि अंगणात तंबू लावायची सोय होते. आधी फोन करा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा: माणसं किती, पोचणार कधी, जेवणार काय. आठ जणांचं सांगून चौघं गेलात तर त्या मावशींनी भिजवलेलं धान्य आणि चुलीपुढे घालवलेला वेळ दोन्ही वाया जातं. पैशाचंही तेव्हाच ठरवून घ्या, आणि ठरल्यावर घासाघीस नको. या भागात बहुतांश वस्ती महादेव कोळी समाजाची आहे. भातशेती पावसावर, त्यामुळे हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर घराचं बरंच काही चालतं.

गड चढायला गावातलाच एखादा वाटाड्या बरोबर घ्या. वाट मळलेली आहे, चुकायची शक्यता कमी, तरी पहिल्या खेपेला घ्याच. झाडांची नावं, पाण्याच्या जागा, आग्या मोहोळ यंदा कोणत्या कड्याला लागलंय, हे तो चालता चालता सांगतो. मोबाइलच्या नकाशात त्यातलं काही नसतं.

घरी करायचा सराव

तंबू एकदा घराच्या गच्चीवर लावून बघा. दोनदा लावलात तर उत्तम, दुसऱ्यांदा अंधारात. कोणती काडी कुठल्या कडीत जाते, वरचं पावसाळी कापड कोणत्या बाजूने ओढायचं, मेखा किती आहेत, हे घरीच कळलं पाहिजे. मी नवख्यांना सांगतो की दोघांनी मिळून पंधरा मिनिटांत तंबू उभा करता येत नसेल, तर अजून निघायची वेळ झाली नाही.

बूट नवे घेतले असतील तर किमान दोन आठवडे रोज घालून फिरा. नव्या बुटाने टाचेला आलेला फोड उतरताना जीव नकोसा करतो. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सात-आठ किलो वजन करा आणि सोसायटीचे जिने चढा-उतरा. उतरणं विसरू नका, गुडघे दुखतात ते उतरताना.

सॅक

एका रात्रीसाठी ४० ते ५० लिटरची सॅक पुरते. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नवख्याने उचलू नये, म्हणजे ६० किलोच्या माणसाने १२ किलोच्या वर जाऊ नये. गावात मुक्काम केल्याचा हा आणखी एक फायदा आहे. तंबू, झोपायचं सामान, चूल सगळं खालीच राहतं, आणि गडावर फक्त पाणी, खाणं, विंडचीटर आणि औषधं एवढंच घेऊन जाता येतं.

सॅकच्या आत सगळ्यात आधी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. बाहेरून घालायच्या रेनकव्हरवर फार विसंबू नका, पाठीकडून पाणी आत येतंच. स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, लागणाऱ्या वस्तू वर. कमरेचा पट्टा आवळून लावा. ओझं खांद्यावर नव्हे, कमरेवर आलं पाहिजे. पट्टा लोंबकळत ठेवून चालणारी किती मुलं मी दुसऱ्या दिवशी खांदे चोळताना पाहिली आहेत.

आता काय घ्यायचं. सगळी यादी देत नाही, ज्यावर रात्र ठरते तेवढंच सांगतो.

हेडटॉर्च. हातातली टॉर्च नको, मोबाइलची तर नकोच. तंबूची दोरी बांधताना, भांडं धरताना, रात्री बाहेर जाताना दोन्ही हात मोकळे हवेत. प्रत्येकाची वेगळी, आणि सेल जादा.

कॅरीमॅट, म्हणजे खाली अंथरायची फोमची चटई. नवखा माणूस सगळे पैसे स्लीपिंग बॅगेवर घालवतो आणि खाली चादर अंथरतो. थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त जमीन अंगातली ऊब ओढून घेते. बॅगेतलं भरण पाठीखाली दबलं की त्याचा उपयोग उरत नाही. चांगली कॅरीमॅट आणि घरातली गोधडी यांवर पाचनईतली डिसेंबरची रात्र सुखाने जाते. महागडी बॅग आणि खाली काहीच नाही, अशी रात्र जात नाही. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं, हा ढोबळ हिशेब मनाशी ठेवा. मुंबईत पंखा लागतो म्हणून इथे स्वेटर नको, असं होत नाही.

झोपायचे कपडे. एक सुका जोड, मोजे आणि कानटोपीसकट, वेगळ्या पिशवीत बांधलेला. तो फक्त झोपताना घालायचा. दिवसभर घामेजलेला टी-शर्ट अंगावर सुकू दिला की रात्री दोनला दात वाजतात. हा जोड कितीही गरज वाटली तरी संध्याकाळी सातच्या आधी बाहेर काढू नका.

औषधांत क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, कात्री, जंतुनाशक, ताप-वेदनेची गोळी, ॲलर्जीची गोळी आणि ओआरएसची पाकिटं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकायचं. अर्ध्या बाटलीत टाकून घट्ट केलेलं ओआरएस फायद्याऐवजी त्रास देतं. ज्याची रोजची औषधं चालू आहेत त्याने ती स्वतःच्या खिशात ठेवावीत आणि सोबत्यांपैकी एकाला सांगून ठेवावं.

दुपारी तीनपर्यंत पोचा

शनिवारी दुपारी तीनपर्यंत पाचनईत पोचायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हातात तीन तास राहतात. रात्रीची सगळी तयारी पाचच्या आत व्हायला हवी: तंबू उभा, अंथरूण टाकलेलं, पाणी भरलेलं, हेडटॉर्च गळ्यात. पाच ते सहा हा तास मग आकाशाकडे बघत बसायला मोकळा मिळतो.

तंबूची जागा आधी घरधन्याला विचारून घ्यायची. कापणी झालेलं भातखाचर दिसायला सपाट दिसतं, पण त्यातली धसकटं तंबूच्या तळाला भोकं पाडतात, आणि खाचर खोलगट असल्याने थंड हवा आणि दव तिथेच साचतं. थोडी उंचावरची, गवताची, कोरडी जागा बघा. सारवलेलं खळं मोकळं असेल तर लोक आपणहून म्हणतात, इथे लावा. मात्र त्या सारवणात मेख ठोकायच्या आधी विचारा. मोठ्या झाडाखाली वाळक्या फांद्या नाहीत ना, तेही वर मान करून बघा. ओढ्याच्या पात्रात, कितीही कोरडं दिसलं तरी, तंबू लावायचा नाही.

जागा ठरली की तंबू उघडायच्या आधी तिथे स्वतः आडवे व्हा. माझी ही सवय बघून गावातली पोरं जमा होतात. पण उभ्याने न दिसणारा उतार पाठ टेकल्यावर लगेच कळतो, खुपणारे खडेही कळतात. डोकं चढाकडे येईल असं ठरवा. खडे वेचा. मग खाली जाड प्लॅस्टिक पसरा, तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच. बाहेर राहिलेल्या काठावर दव साचतं आणि ते ओघळून तंबूखाली येतं.

दार वाऱ्याच्या उलट दिशेला. काड्या जोडताना प्रत्येक सांधा पूर्ण आत गेलाय ना हे बोटाने चाचपा, अर्धवट बसलेला सांधाच चिरतो. मेख सरळ उभी ठोकू नका. तिचं टोक तंबूच्या दिशेने जमिनीत गेलं पाहिजे आणि डोकं बाहेरच्या बाजूला झुकलेलं राहिलं पाहिजे. असं झालं की दोरी आणि मेख यांच्यात काटकोन पडतो आणि कितीही ओढ बसली तरी ती उपटत नाही. जमीन खडकाळ असेल तर नारळाहून मोठा दगड घेऊन दोरी त्याला दोन वेढे देऊन बांधा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. बाजूच्या ताणाच्या दोऱ्या आज वारा नाही म्हणून सोडून देऊ नका. वारा रात्री येतो आणि तेव्हा बाहेर पडायची कुणाची तयारी नसते. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली की अंधारात पाय अडकत नाही.

सगळ्या खिडक्या गच्च बंद करण्याचा मोह होतो. तसं केलं तर दोन माणसांच्या श्वासाने पहाटे तंबूचं छत आतून थबथबतं आणि पावसात भिजल्यासारखं अंथरूण ओलं होतं. वरची जाळी उघडी ठेवा. दाराची चेन मात्र नेहमी बंद, आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी.

जेवण आणि पाणी

रात्रीचं जेवण गावातच घ्या. चुलीपुढे बसून मावशी भाकरी थापते, तव्यावर टाकून वर पाण्याचा हात फिरवते, आणि उलटून फुगेपर्यंत तुमच्याशी बोलत असते. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. दमलेल्या माणसाला याहून चांगलं काही मिळत नाही.

वाटेवर खायला घरून दशम्या न्या. दुधात भिजवून केलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, आपल्याकडची प्रवासाला निघायची जुनी शिदोरी आहे ती. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. वेफर्सच्या पुड्यांनी पोट भरत नाही आणि त्यांचा कचरा मात्र परत आणायला लागतो. लिंबू आणि मीठ असू द्या.

स्वतः रांधायची हौस असेल तर छोटी गॅसची शेगडी चालते, पण सरपण तोडून शेकोटी नको. अभयारण्यात तो गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. वणव्याने अख्खा डोंगर काळा पडलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. घरून भाजलेला रवा, त्यात मीठ-मिरची-कढीपत्ता परतून आणला तर उकळतं पाणी ओतून उपमा होतो.

शेगडीबाबत एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. तंबूच्या आत ती पेटवायची नाही. थंडी आहे, वारा आहे, दार थोडं उघडं ठेवू, असलं काहीही कारण चालणार नाही. कोळशाची शेगडीही ऊब म्हणून आत घ्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो.

पाणी माणशी दिवसाला ३ ते ४ लिटर धरा. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून सगळं पाठीवर नेता येत नाही. गडावर टाकी आहेत, देवळाजवळ सप्ततीर्थ पुष्करणी आहे, पण दिसायला नितळ असलेलं पाणी थेट पिऊ नका. कापडाने गाळा आणि चांगलं खळखळ उकळा, किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात हातपाय धुणं, भांडी विसळणं, साबण लावणं अजिबात नको. तेच पाणी दुसऱ्या कुणाला प्यायचं असतं.

शौचाला जायचं कसं

कुणी उघडपणे विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. गावात घरी सोय असते, आधी विचारून ठेवा. गडावर गरज पडली तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ७० पावलं दूर जा, वीतभर खोल खड्डा करा आणि नंतर माती लोटून वर दगड ठेवा. त्यासाठी छोटं खुरपं सॅकला लावून ठेवावं. ओले टिश्यू पुरायचे नाहीत, ते कुजत नाहीत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून दोन पिशव्यांत घट्ट बांधून परत आणायचे. गटातल्या मुलींना पाळीची काळजी असते आणि ती बोलून दाखवायला संकोच वाटतो. गट नेणाऱ्याने निघायच्या आधीच हे सांगून टाकलं की त्यांना फार बरं वाटतं. पाणी कमी पिऊन ही अडचण टाळू नका, त्याने चक्कर येते.

रात्र

पहिल्या रात्री झोप लागत नाही. पान हललं तरी कुणी आलं असं वाटतं. बहुतेक वेळा गावातलं कुत्रं असतं, नाही तर उंदीर. म्हणून खाण्याची एकही वस्तू तंबूत किंवा बाहेर उघडी ठेवू नका, घरात नेऊन द्या. या भागात बिबट्या आहे. तो सहसा माणसाच्या मागे लागत नाही, पण अंधारात एकट्याने वस्तीपासून लांब जाऊ नये. बाहेर पडायचंच झालं तर टॉर्च लावून, दोघांनी, बोलत.

सापांचं सांगतो ते नीट वाचा. आपल्याकडे नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे चार मुख्य विषारी. यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरू शकतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही. पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलायला त्रास होणं, असं काही पहाटे जाणवलं तर अपचन समजून थांबू नका. तंबूच्या दाराची चेन बंद ठेवा असं मी घोकत राहतो ते याचसाठी. बूट तंबूच्या आत घ्या आणि सकाळी झटकून घाला, त्यात विंचू बसलेला असतो.

साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला शांत आडवं ठेवा, अंगठी-कडं-घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा आणि १०८ ला फोन करून गाडीची सोय करा. मोबाइलला रेंज मिळेल असं धरू नका. गावात कुणाकडे गाडी आहे आणि जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे शनिवारी दुपारीच विचारून ठेवलेलं असावं. उपाय एकच, प्रतिविष. तेही दवाखान्यातच.

उजाडता उजाडता

साडेसहाला निघायचं. पोटात चहा आणि काहीतरी खाणं हवंच. वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ढोबळ नियम अजून वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. नवख्यांनी त्याची दीडपट धरावी, आणि फोटोंचा वेळ वेगळा.

चालायची लय अशी ठेवा की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं थांबलं म्हणजे वेग जास्त झाला. गटातला सगळ्यात मंद माणूस पुढे चालेल, त्याच्या वेगाने सगळे. मागे एक अनुभवी, त्याच्या मागे कुणीही नाही. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, पाय आडवा टाका आणि घाई करू नका. गवत दवाने ओलं असेल तर तेही घसरतं.

साडेनऊच्या आत देवळापाशी याल. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ बघा. शेजारी केदारेश्वराचं लेणं आहे, आत कमरेएवढ्या पाण्यात भलंमोठं शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. पाणी हिवाळ्यात अक्षरशः हाडं गोठवतं, पण उतरायचंच असेल तर बूट-मोजे बाहेर ठेवा, पुढे चालायचंय.

तिथून कोकणकडा अर्ध्या-पाऊण तासावर. कड्याच्या काठावर उभं राहू नका. तो नुसता उभा नाही, आत वळलेला आहे, वाटीच्या कडेसारखा, त्यामुळे पायाखाली काय आहे ते वरून दिसत नाही. काठापासून दूर पालथं पडून, मागून कुणीतरी पाय धरून, हळू पुढे सरका आणि बघा. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि खाली कोकणात ढग भरलेले असले, तर क्वचित आपल्याच सावलीभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली इथे ते पाहिल्याची नोंद आहे. मावळतीचा फोटो हुकला म्हणून हळहळणाऱ्यांना मी हे सांगतो: सकाळचा कोकणकडा दुसऱ्या नंबरचा नाही.

कड्याला आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, स्पीकर, ड्रोन यांनी ती उठतात. उठलीच तर झटापट करू नका. तोंड आणि मान झाका आणि कड्यापासून लांब, आतल्या बाजूला पळा. बरेच डंख झाले किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर तातडीने खाली दवाखान्यात न्या.

वीज आणि गडगडाट यांच्यातलं अंतर ३० सेकंदांहून कमी आलं की माथा, कडा आणि एकटं झाड सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज आल्यावर परत जात नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा आणि सावकाश उतरा.

अकरा वाजता परत फिरायचं. गडावरचं सगळ्यात उंच तारामतीचं शिखर राहिलं असेल तर राहू द्या. निघताना घरच्यांपैकी एकाला परतीची वेळ सांगून ठेवलेली असते, त्या वेळेपेक्षा उशीर झाला की तिकडे जिवाची घालमेल सुरू होते.

तंबू गुंडाळताना

दुपारी खाली आलात की जेवण करा, मग तंबू उतरवा. तंबू घरी गेल्यावर गच्चीवर पुन्हा एकदा उघडून, सावलीत पूर्ण वाळवून मगच पिशवीत भरा. ओलसर तंबू आठवडाभर बांधून ठेवला की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते कधीच जात नाहीत.

आणि गाव सोडायच्या आधी मेखा मोजा. घरून आणताना बारा होत्या तर बाराच्या बारा हातात आल्या पाहिजेत. एक कमी भरली तर गवतात गुडघ्यावर बसून हात फिरवून शोधा, सगळे मिळून शोधा. संध्याकाळी त्याच जागेवरून घरधन्याचे बैल परत येतात आणि मुलं अनवाणी खेळतात.